सामाईक बातमीचे मोल

ज्या वस्तूला एकच धनी आहे तिचे मोल ठरविणे फारसे अवघड नसते. तिच्यासाठी आपण काय मोजले आणि तिने आपल्याला काय दिले, या दोन रकमा समोरासमोर मांडल्या की हिशेब संपतो. परंतु ज्या वस्तूचे धनी पुष्कळ, आणि तेही एकमेकांचे प्रतिस्पर्धी, तिच्या बाबतीत हा हिशेब पुरत नाही. गावची विहीर, पेठेतील वाचनालय, नदीचा घाट यांच्याविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. वर्तमानपत्रांनी मिळून चालविलेल्या वृत्तसंस्थेचा विचार मात्र या दृष्टीने क्वचितच झालेला दिसतो. वास्तविक तिची गोष्ट विहिरीहून अधिक विलक्षण आहे. विहिरीवर पाणी भरणाऱ्या बायका तेच पाणी एकमेकींच्या दारात विकावयास निघत नाहीत. वर्तमानपत्रे एकाच विहिरीतून घागरी भरतात आणि एकाच आळीत, एकाच सकाळी, आपापली घागर अधिक गोड म्हणून विकतात. अशा विहिरीचे मोल कोणी, कशाने करावयाचे? आणि तिचा गाळ काढावयास कोणी उतरावयाचे?

सरकारी कचेऱ्यांतून वर्तमानपत्रांच्या कात्रणांची फाईल ठेवण्याची जुनी चाल आहे. बंगळुरातील आमच्या कचेरीत हे काम काही काळ माझ्याकडे होते. इंग्रजी व कन्नड पत्रे सकाळी यावयाची. आमच्या खात्याशी संबंध असलेला मजकूर कापावयाचा, कोऱ्या कागदावर डकवावयाचा आणि तारीख घालून वर पाठवावयाचा. या कामात बुद्धीला वाव थोडा असल्यामुळे डोळ्यांना तो भरपूर मिळतो. चार पत्रांतील चार कात्रणे शेजारी शेजारी डकविली म्हणजे ध्यानात येते की, मथळे चार असले तरी मजकूर एकच आहे; स्वल्पविरामसुद्धा त्याच जागी आहे. एका पत्राने शेवटी 'पी. टी. आय.' ही तीन अक्षरे छापलेली असतात. दुसरे नुसते 'वृत्तसंस्था' म्हणते, जणू जगात ती एकच आहे. तिसऱ्याने दोन वाक्यांची अदलाबदल करून वर 'आमच्या प्रतिनिधीकडून' असे लिहिलेले असते. गावी गेलो की मराठी पत्रांतही हाच प्रकार आढळतो. हे पाहून हसू येते; पण हसू ओसरल्यावर एक प्रश्न मागे राहतो. जे सर्वांचे आहे ते स्वतःचे म्हणून सांगणे ही चोरी म्हणावी काय? भागधारकाने सामाईक मालमत्तेची चोरी कशी करावी?

ही मालमत्ता सामाईक झाली कशी, हे थोडक्यात सांगावयास हवे. इंग्रजी अमदानीत हिंदुस्थानातील तारेने येणाऱ्या बातम्यांचा मुख्य झरा असोसिएटेड प्रेस ऑफ इंडिया हा होता. के. सी. रॉय यांनी उभारलेली ही संस्था पुढे रॉयटरच्या हाती गेली. म्हणजे मद्रासच्या पत्राला मुंबईची बातमी एका विलायती कंपनीच्या मार्फत मिळत असे. २७ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्याला दोन आठवडेही झाले नव्हते तेव्हा, मद्रासेस प्रेस ट्रस्ट ऑफ इंडियाची नोंदणी झाली आणि १ फेब्रुवारी १९४९ पासून तिने असोसिएटेड प्रेसचे काम हाती घेतले. प्रारंभी तिची रॉयटरशी भागीदारी होती. १९५३ मध्ये तीही सुटली. 'हिंदू'चे कस्तुरी श्रीनिवासन हे तिचे पहिले अध्यक्ष. आमच्या बंगळूरच्या 'डेक्कन हेराल्ड'चे के. एन. शांतकुमार यांनीही पुढे हे पद भूषविले. तिचे भाग वर्तमानपत्रांकडे आणि संचालकांत बहुसंख्या त्यांचीच. नफा झाला तरी तो भागधारकांत वाटावयाचा नाही, संस्थेतच घालावयाचा, असा दंडक. कंपनीच्या कायद्याखाली नोंदलेली, परंतु लाभांश न देणारी अशी ही कंपनी आहे. ज्याने भाग घेतला त्याला पैशाच्या रूपाने काही मिळणार नाही हे पहिल्या दिवसापासून ठरलेले होते. मग मिळावयाचे काय? बातमी. आणि तिचे मोजमाप कसे करावयाचे, हा वाद तेथूनच सुरू होतो.

व्यवस्थापकाची पद्धत ठरलेली असते. महिन्यात तारेने किती मजकूर आला, त्यापैकी किती स्तंभ आपण छापला, वर्गणी किती दिली, आणि भागाकार. अमेरिकेत हा भागाकार अलीकडे फार जोरात चालू आहे. तेथील असोसिएटेड प्रेस १८४६ साली न्यूयॉर्कच्या पाच पत्रांनी मेक्सिकोतील युद्धाच्या बातम्यांचा खर्च वाटून घ्यावा म्हणून एकत्र येऊन सुरू केली; आजही ती पत्रांच्या सहकारी मालकीची आहे. २००८ साली ओहायो राज्यातील आठ पत्रांनी वर्गणी जड होते म्हणून आणि आपल्याच बातम्या संस्थेच्या मार्फत फिरून येण्यास उशीर लागतो म्हणून आपसांत थेट देवघेव सुरू केली. मार्च २०२४ मध्ये गॅनेट आणि मॅक्लॅची या दोन मोठ्या वृत्तपत्रसाखळ्यांनी असोसिएटेड प्रेसचा मजकूर घेणे थांबवीत असल्याचे जाहीर केले. त्या वेळी संस्थेच्या उत्पन्नात अमेरिकन वर्तमानपत्रांचा वाटा जेमतेम एकदशांश उरला होता. ज्यांनी घर बांधले ते आता घरातले लहान भाडेकरू झाले आहेत.

या भागाकारात गणिताची चूक नाही. परंतु आमच्या कचेरीच्या जिन्यावर आग विझविण्याचे एक लाल नळकांडे टांगलेले आहे. दरवर्षी ते तपासले जाते, त्यावर नवी चिठ्ठी चिकटविली जाते आणि तो खर्च बिनतक्रार मंजूर होतो. इतक्या वर्षांत त्याचा उपयोग एकदाही झालेला नाही. लेखापरीक्षक, जो एरवी टाचण्यांचा हिशेब मागतो, तोही यावर आक्षेप घेत नाही. कारण न वापरलेल्या वस्तूचेही मोल असते हे येथे त्याला पटलेले आहे. वृत्तसंस्थेच्या न छापलेल्या मजकुराचे असेच आहे, किंबहुना याहून थोडे अधिक आहे. नळकांडे न वापरता नुसते टांगलेले राहते. न छापलेली तार मात्र रात्रीच्या उपसंपादकाने वाचलेली असते. कोणती बातमी मोठी आणि कोणती लहान हे त्याने ठरविले ते त्या साऱ्या ढिगाकडे पाहून. स्वतःच्या बातमीदाराने पाठविलेला आकडा त्याने तारेतील आकड्याशी ताडून पाहिला, दोन्ही जुळले, आणि छापली ती बातमीदाराची बातमी. भागाकारात अशी तार 'निरुपयोगी' या खात्यावर जमा होते. तिने त्या रात्री केलेले काम कोणत्याच खात्यावर पडत नाही.

येथवर केवळ घेण्याचा विचार झाला. माझ्या मते नीतीचा खरा प्रश्न घेण्यात नाही, देण्यात आहे; आणि या बाबतीत आपली संस्था व अमेरिकेची संस्था यांत मुळातच अंतर आहे. अमेरिकेत सभासद पत्राने वर्गणी द्यावयाची, शिवाय आपल्या प्रदेशात उत्पन्न होणारी बातमी संस्थेला द्यावयाची, असा करार असे. आपल्याकडे पत्रे भाग घेतात, वर्गणी भरतात, संचालक निवडतात. बातम्या मात्र संस्थेचे पगारी बातमीदार आणि जागोजागचे अर्धवेळ वार्ताहर जमवितात. आपल्या पत्राने आज तारेला काय दिले, असा प्रश्न संपादकाच्या मनात येण्याचे कारणच पडत नाही. त्याने धनादेश दिलेला असतो.

अमेरिकन पद्धतीला कज्जेदलाली पुष्कळ करावी लागली हे खरे. १९१८ साली तेथील सर्वोच्च न्यायालयापुढे एक खटला आला. इंटरनॅशनल न्यूज सर्व्हिस नावाची प्रतिस्पर्धी संस्था असोसिएटेड प्रेसच्या सभासदांचे फलक आणि पहिल्या आवृत्त्या वाचून त्याच बातम्या आपल्या गिऱ्हाइकांना तारेने कळवीत असे. घटनेवर कोणाची मालकी नसते. तरी ती कष्टाने मिळविणाऱ्याचे पीक दुसऱ्याने न पेरता कापून नेऊ नये, असा निर्णय न्यायालयाने दिला. पुढे १९४५ मध्ये त्याच न्यायालयाने असोसिएटेड प्रेसलाही फटकारले, कारण सभासद पत्रे आपल्या गावातील प्रतिस्पर्ध्याला संस्थेत येऊ देत नसत. पहिला निर्णय शेताला कुंपण घालण्याच्या बाजूचा, दुसरा त्या कुंपणाला दार ठेवण्याच्या. मला दोन्ही पटतात, आणि दोन्ही एकदम पटणे हीच सामाईक मालमत्तेची अडचण आहे.

देण्याला पत्रे का कचरतात हे उघड आहे. जी बातमी आपल्याच बातमीदाराने चार दिवस खपून काढली ती शेजाऱ्याला फुकट का द्यावी? या शंकेला उत्तर शोधताना मला श्रावणातल्या सोमवारची खुलभर दुधाची कहाणी आठवते. राजाने दवंडी पिटविली की, महादेवाचा गाभारा दुधाने भरावयाचा आहे, तेव्हा सर्वांनी घरचे सारे दूध आणून घालावे. धाकाने लोकांनी वासरांच्या व मुलांच्या तोंडचे दूध नेऊन ओतले, गाभारा भरेना. शेवटी एका म्हातारीने घरची मुलेबाळे, सुना, गाईवासरे तृप्त केली आणि उरलेले खुलभर दूध नेऊन घातले. गाभारा भरून गेला. बिरबलाच्या हौदाची गोष्ट आपण उठता बसता सांगतो, ज्यात प्रत्येकजण दुधाऐवजी पाणी ओततो. सामाईक कामाबद्दलची आपली समजूत त्या हौदावर बेतलेली आहे. माणूस लबाडी करणारच, तेव्हा पहारा ठेवा. कहाणीची समजूत निराळी आहे. आधी घरच्यांना पोटभर, मग देवाला. वर्तमानपत्राचे घरचे म्हणजे त्याचे वाचक. त्यांना ताजी बातमी प्रथम मिळावी, त्यांचे पोट भरावे, आणि मग जे खुलभर उरते ते तारेला द्यावे. ते उरलेले असते म्हणून कमी प्रतीचे असते असे नाही. दूध तेच असते.

याची उलट बाजूही इतिहासात आहे. एस. सदानंद यांनी १९२०च्या दशकात मुंबईत फ्री प्रेस ऑफ इंडिया ही राष्ट्रीय बाण्याची वृत्तसंस्था काढली. सरकारी दडपणाला न जुमानणाऱ्या बातम्या ती देत असे आणि त्यासाठी तिने हालही सोसले. परंतु १९३० मध्ये सदानंदांनी 'फ्री प्रेस जर्नल' हे स्वतःचे दैनिक सुरू केले, तेव्हा तिच्या बातम्या घेणारी पत्रे बिचकली. जो आपल्याला दूध घालतो त्यानेच शेजारी दुधाचे दुकान मांडले, अशी त्यांची भावना झाली. सरकारी जाच होताच. त्यात मित्रांचा विश्वास उडाला आणि संस्था टिकली नाही. सदानंदांच्या धाडसाबद्दल मला अतिशय आदर आहे. तथापि सामाईक भांड्याची राखण करणाऱ्याने आपले वेगळे भांडे मांडू नये, हा नियम या प्रकरणाने शिकविला, आणि पुढे प्रेस ट्रस्टची घडण झाली तेव्हा स्वतः सदानंद तिच्या उभारणीत होते ही गोष्ट त्यांच्या मोठेपणाची साक्ष आहे.

बंगळुरात राहणाऱ्या मराठी माणसाला या सामाईक तारेची गरज कशी भासते हे सांगितल्यावाचून मला पुढे जाता येत नाही. २०२२च्या डिसेंबरात सीमाप्रश्न पुन्हा चिघळला. बेळगावजवळ महाराष्ट्राच्या वाहनांवर दगडफेक झाली. पुण्यात कर्नाटकाच्या बसगाड्यांना काळे फासले गेले. त्या आठवड्यात बंगळूरची पत्रे आणि महाराष्ट्रातील पत्रे शेजारी ठेवून वाचणाऱ्याला दोन निरनिराळ्या देशांतील बातम्या वाचल्यासारखे वाटले असते. इकडे पुण्याच्या गाड्या मोठ्या अक्षरांत, तिकडे बेळगावच्या. दोन्ही एकाच मजकुरात, सारख्या वजनाने, जवळपास सारख्याच शब्दांत आढळल्या त्या वृत्तसंस्थेच्या वृत्तात. आणि यात कोणाचा सद्गुण शोधावयास नको. जे वाक्य हुबळीच्या कन्नड पत्राला आणि कोल्हापूरच्या मराठी पत्राला एकाच रात्री छापता आले पाहिजे, ते वाक्य आपोआपच सौम्य होते. ज्याच्या पंक्तीला दोन्ही पक्ष बसलेले आहेत त्या आचाऱ्याने भाजी अळणीच करावयाची. मीठ ज्याने त्याने आपल्या पानात घालून घ्यावे. गावाच्या नावाचेच पाहा. १ नोव्हेंबर २०१४ पासून कर्नाटकात सरकारी नाव 'बेळगावी' झाले आणि तारेत तेच येते. मराठी उपसंपादक ते खोडून 'बेळगाव' करतो, आणि यात तार रागावत नाही.

मात्र या अळणीपणाची स्तुती एका मर्यादेपर्यंतच करता येते. दोन्ही पक्षांना रुचेल असे वाक्य लिहिता लिहिता लेखणीला कर्मणी प्रयोगाची सवय लागते. दगड फेकले गेले. काच फुटली. तणाव निर्माण झाला. फेकणारा, फोडणारा, निर्माण करणारा वाक्यातून नाहीसा होतो. तटस्थपणा आणि सत्य ही सख्खी भावंडे नव्हेत, फार तर चुलत असतील. तो हरवलेला कर्ता कोणाला ठाऊक असतो? तेथील गावच्या पत्राला. सीमेवरील गावचा वार्ताहर दगड फेकणाऱ्याला पुष्कळदा नावानिशी ओळखतो. त्याने आपली माहिती, आपल्या जबाबदारीवर, तारेला दिली असती तर त्या अळणी वाक्याला निदान कणा आला असता. न देणाऱ्या पत्राला, तार पुळचट आहे अशी तक्रार करण्याचा अधिकार कितपत आहे, याची मला शंका वाटते.

नावांवरून आणखी एक गोष्ट सुचते. तार मूळची इंग्रजीची. हिंदीसाठी प्रेस ट्रस्टने १९८६ मध्ये 'भाषा' ही शाखा काढली, आणि त्याच्या कितीतरी आधी, १९४८ मध्ये, दादासाहेब आपटे यांनी देशी भाषांसाठी 'हिंदुस्थान समाचार' सुरू केली होती. तरी मराठी पत्राच्या मेजावर येणारी मोठी बातमी पुष्कळदा अद्याप रोमन लिपीतूनच येते. त्या लिपीत ळ नाही आणि ण नाही. साताऱ्याकडचे काळे तारेच्या फेऱ्यातून बेळगावच्या पत्रात काले होऊन उतरतात. मराठी माणसाची बातमी मराठी मुलखातून निघून, इंग्रजीत स्नान करून, पुन्हा मराठी मुलखात येते. मराठी पत्रांनी स्वतःच्या भाषेतील वृत्त आपसांत देण्याची सोय केली तर निदान माणसांची आडनावे तरी शाबूत राहतील.

आता या साऱ्यातील सर्वात नाजूक भाग. मी केंद्र सरकारचा नोकर आहे, तेव्हा कोणाचा निवाडा करणे माझे काम नव्हे. मी केवळ ताळेबंदाच्या एका बाजूकडे बोट दाखवितो. १९५४ मध्ये न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालील वृत्तपत्र आयोगाने आपला अहवाल दिला. देशात एकाहून अधिक वृत्तसंस्था असाव्यात आणि त्या सरकारच्या मालकीच्या नसाव्यात, असा त्याचा अभिप्राय होता. त्यानंतर बावीस वर्षांनी, आणीबाणीत, फेब्रुवारी १९७६ मध्ये, प्रेस ट्रस्ट, युनायटेड न्यूज, हिंदुस्थान समाचार आणि समाचार भारती या चारही संस्था एकत्र करून 'समाचार' नावाची एकच संस्था करण्यात आली. एप्रिल १९७८ मध्ये त्या पुन्हा वेगळ्या झाल्या. जून २०२० मध्ये चिनी राजदूताच्या एका मुलाखतीवरून प्रसार भारतीने प्रेस ट्रस्टला नाराजीचे पत्र धाडले. ऑक्टोबर २०२० मध्ये वर्गणी बंद करण्याचा निर्णय कळविला. आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये हिंदुस्थान समाचारशी करार केला. कोणती तार घ्यावी हे ठरविण्याचा अधिकार प्रत्येक वर्गणीदाराला आहेच. प्रश्न असा की, एका वर्गणीदाराच्या नाराजीची साऱ्या देशात बातमी व्हावी इतका तो मोठा कसा झाला? उत्तर वर्तमानपत्रांच्या त्या भागाकारात आहे. भागधारक जेव्हा स्वतःला गिऱ्हाईक समजू लागतो, दरवर्षी वर्गणी घासाघीस करून उतरवितो आणि बातमी तर मुळीच देत नाही, तेव्हा संस्थेला आपला खर्च दुसरीकडून भागवावा लागतो. मालक कागदावर तेच राहतात. परंतु कोणाची मर्जी सांभाळावयाची हे ताळेबंदच ठरवितो.

म्हणून मला वाटते की, तीन अक्षरे गाळणाऱ्या त्या उपसंपादकाचा अपराध दिसतो तितका लहान नाही. तो चोरी करीत नाही, कारण वस्तू त्याचीही आहे. तो वस्तू सामाईक असल्याची खूण पुसतो. वाचकाला आपण रोज काय वाचतो आणि ते कोणाच्या खर्चाने येते हे कळत नाही, आणि जे कळत नाही ते बुडत असताना कोणी धावत नाही.

अमेरिकन तारेत एक चांगली चाल होती. एखाद्या गावच्या पत्राच्या माहितीवरून वृत्त तयार झाले असेल तर त्याच्या शेवटी त्या पत्राचे नाव येत असे, मग ते पत्र केवढेही लहान असो. आपल्याकडे ही चाल पाडावयास कायदा लागत नाही, पैसाही लागत नाही. बेळगावच्या, सोलापूरच्या, गुलबर्ग्याच्या पत्राने आपल्या हद्दीतील एक बातमी दररोज तारेला द्यावी. तारेने ती त्या पत्राच्या नावासकट देशभर पाठवावी. आणि छापणाऱ्याने ते नाव कापू नये. यावर संपादक म्हणतील की, आमच्या आधी ती शेजाऱ्याच्या हाती पडली तर? त्यालाही तोड आहे. सकाळी पत्र वाचकांच्या दारात पडेपर्यंत, समजा सहा वाजेपर्यंत, ती बातमी त्या पत्राची. सहानंतर ती तारेची. तिच्याखालचे नाव मात्र त्या पत्राचेच.